बुधाजींची पूर्णा नाव कंपनी

अकोल्याहून निघालेल्या मोटारीने मला म्हैसघाटच्या फाट्यावर उतरवलं, तेव्हा १९५४ सालचा आषाढ होता. मी अमरावतीची, वकिलाची मुलगी. ट्रेनिंग कॉलेजातून नुकतीच बाहेर पडले होते आणि भोनखेडच्या प्राथमिक शाळेवर माझी पहिली नेमणूक झाली होती. बाबांनी नकाशात पाहून सांगितलं होतं, "विमल, गाव पूर्णेच्या काठी आहे, हवा चांगली असेल." फाट्यापासून चिखल तुडवत मी नदीपर्यंत आले आणि पाहते तर काठच नव्हता. जिथवर नजर जाईल तिथवर गढूळ पाणी, आणि त्यात लांबवर एका उंचवट्यावर थोडी कौलं अन् कडुनिंबांचे शेंडे. ते भोनखेड. त्याच्याही पलीकडे तसाच आणखी एक ठिपका. ती खिरोडी.

एका बाजूला पूर्णा, दुसऱ्या बाजूला खारा नाला, आणि मध्ये पाय घातला की गुडघाभर आत ओढणारी काळी माती. पावसाळ्याचे चार महिने ही दोन्ही गावं म्हणजे बेटंच. बैलगाडी चालत नाही, माणूस चालत नाही. चालते ती फक्त नाव.

बाभळीच्या खोडाला एक पत्र्याची पाटी ठोकलेली होती. ‘पूर्णा नाव कंपनी.’ तिच्याखाली खाकी अर्ध्या चड्डीतला, पिळदार मिशांचा एक माणूस उभा होता. त्याने माझी ट्रंक उचलली आणि म्हणाला, "नव्या मास्तरीनबाई ना तुमी? बसा. नावेत उभं नाई राहाचं, हा कंपनीचा रूल हाय."

हे बुधाजी. भोनखेडच्या महारवाड्यात जन्मलेले. दुसऱ्या महायुद्धात फौजेत भरती झाले, तर त्यांना बंदूक न देता इराकात बसऱ्याकडे पाठवलं. तिथल्या मोठ्या नदीवर फौजेच्या होड्या रसद वाहायच्या. वऱ्हाडच्या कोरड्या मुलखातला हा माणूस तिथे नाव चालवायला शिकला, दुरुस्त करायला शिकला. युद्ध संपल्यावर परत आले ते एकच ध्यास घेऊन. परतवाड्याच्या लाकूडबाजारातून त्यांनी मेळघाटचं सागवान आणलं, सुतार बसवला, आणि तीन सपाट बुडाच्या नावा बांधल्या. फळ्यांच्या फटीत वऱ्हाडचाच कापूस, वरून डांबर. मोठी होती तिचं नाव ‘बसरा’, मधली ‘मैना’ आणि धाकटी ‘चिमणी’. या तिघींना मिळून ते ‘आपली फलाटन’, म्हणजे पलटण, म्हणत. मी एकदा विचारलं, "बुधाजी, कंपनी हे नाव कसं सुचलं?" तर म्हणाले, "फौजेत सायबाची कंपनी असे, तिच्यात मी होतो. मनात आलं, एखादी आपली बी असावी."

नदीवर पिढ्यान् पिढ्या हक्क होता तो भोयांचा. बुधाजी त्यांच्याशी भांडायला गेले नाहीत. नत्थुजी भोई हे तिथले जुने नावाडी, त्यांच्याकडे एक मोडका डोंगा होता. बुधाजी त्यांच्या ओट्यासमोर जाऊन म्हणाले, "नत्थुजी, नदी तुमची, नाव माही. दोघं मिळून चालवू." नत्थुजींनी तंबाखू चोळत विचार केला आणि दुसऱ्या दिवशी नाव रेटायचा बांबू घेऊन हजर झाले. त्याचा एक फायदाही झाला. गावातली काही मंडळी सुरुवातीला महाराच्या नावेत पाय ठेवायला तयार नव्हती. बांबू नत्थुजींच्या हातात दिसला की ती मंडळी म्हणायची, "ही तं नत्थूची नाव," आणि बसायची. बुधाजी मागच्या टोकाला वल्हं धरून गप्प बसत. हसत मात्र असत.

पाहता पाहता त्या नावांशिवाय गावांचं पान हलेना. टपालवाला, पटवारी, बांगड्यांची टोपली घेतलेली कासारीण, अकोल्याच्या दवाखान्यात न्यायचे आजारी, माहेरी निघालेल्या सुना, सगळे कंपनीच्या नावेने जाऊ लागले. पूर्वी पावसाळ्याआधी माणसं धान्य, मीठ, रॉकेल भरून घेत आणि दारं लावून बसल्यासारखी बसत. आता श्रावणातही भोनखेडच्या बायका खिरोडीला हळदीकुंकवाला जाऊ लागल्या.

बुधाजींना एकच मूल, ललिता. चौथीपर्यंत शिकलेली, बोलघेवडी. माझ्या खोलीवर येऊन जुन्या मासिकांतली चित्रं बघत बसायची. १९५६ च्या उन्हाळ्यात तिला खिरोडीचं स्थळ आलं. मुलगा चांगला होता, घर खाऊनपिऊन सुखी होतं. तिची आई भागीरथाबाई तेवढी अडून बसली.

"चार महिने मधात पानी राह्यते," ती म्हणाली. "पान्याच्या भरोशावर पोरगी देता काय?"

"पान्याच्या नाई, नावेच्या," बुधाजी म्हणाले. "मनात आलं का बसायचं अन् घंट्याभरात पोरीच्या दारात. एवढ्या जवळ तं अकोल्यात एका मोहल्ल्याची पोरगी दुसऱ्या मोहल्ल्यात नसते."

भागीरथाबाईला हे पटलं. लग्न झालं. वरात ‘बसरा’मधून गेली. वैशाखात नदीला पाणी जेमतेम, पण बुधाजींचा हट्ट होता. अर्ध्या वाटेत नाव रेतीत रुतली आणि वऱ्हाडी मंडळींनी धोतरं वर खोचून ती ढकलली. ललिता नावेत बसून खळखळून हसत होती.

त्याच वर्षी भाद्रपदात पूर्णेला मोठा पूर आला. भोनखेड उंचावर असल्यामुळे वाचलं, पण खालच्या अंगाची गावं बुडाली. लोक छपरांवर, झाडांवर बसले असल्याच्या बातम्या आल्या. तहसील कचेरीची माणसं दोन शिपाई घेऊन म्हैसघाटला आली. सरकारी हुकूम होता, नावा ताब्यात घ्यायच्या. बुधाजींना हुकुमाची गरजच नव्हती. "माणसं झाडावर बसली हायेत अन् कागद काय दाखवता!" म्हणत ते तिन्ही नावा घेऊन स्वतः निघाले. नत्थुजीही गेले. दोघांनी तिथे पाण्यात राहून माणसं काढली, म्हाताऱ्या काढल्या, एका छपरावरून बाळंतीण काढली. तहसीलदार साहेबांनी सगळ्यांसमोर बुधाजींच्या पाठीवर हात ठेवला.

पूर ओसरला. पण नावा परत मिळाल्या नाहीत. आणखी एका नदीवर गरज पडेल म्हणून त्या ट्रकवर चढवून तालुक्याच्या गावी नेल्या आणि तहसील कचेरीच्या आवारात उतरवून ठेवल्या. बुधाजी आणि नत्थुजी चालत घरी आले. "आठ दिवसांनी या," असं त्यांना सांगितलं होतं.

आठ दिवसांनी गेले, तर साहेब दौऱ्यावर. पुढे दसऱ्याला बुधाजी आणि भागीरथाबाई नागपूरला गेले, दीक्षा घेऊन आले. येताना बुधाजींच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते मी पाहिलं आहे. मला म्हणाले, "बाई, आता आमी मान खाली घालून कोनाच्या दारात उभं नाई राहाचं." आणि त्यानंतरचं सबंध वर्ष ते एकाच दारात उभे राहिले.

कारण नोव्हेंबरात राज्यच बदललं. आमचं वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघालं आणि मुंबई राज्यात गेलं. ज्या साहेबांनी हुकूम काढला होता त्यांची बदली तिकडे जबलपूरकडे झाली. नवे तहसीलदार आले ते भले गृहस्थ होते. त्यांनी बुधाजींना खुर्ची दिली, मी बरोबर गेले होते म्हणून असेल कदाचित, आणि म्हणाले, "नावा तुमच्या आहेत यात शंका नाही हो. पण त्या जुन्या सरकारच्या ताब्यात आहेत. त्या सोडायचा अधिकार मला आहे का, हे मी वर विचारलं आहे. मी उद्या सोडल्या आणि कोणी हिशेब मागितला तर?"

"सायेब, मी तं समोर उभा हाय," बुधाजी म्हणाले. "नावा बी समोर हायेत. मधात कोन हाय?"

साहेबांनी फाइल मिटून बाजूला ठेवली. मी अमरावतीला बाबांना लिहिलं. बाबांनी ओळखीच्या माणसांकडे शब्द टाकला, नागपूरला जाऊन आले. प्रत्येक जण म्हणायचा, काम होईल. वाईट असं कोणी वागलंच नाही. रागवायला समोर एखादा माणूस तरी हवा होता, तोही मिळाला नाही.

उन्हाळा लागला आणि बुधाजी खरे घाबरले. एरवी उन्हाळ्यात ते तिन्ही नावा दगड भरून डोहात बुडवून ठेवायचे. लाकूड पाण्यात राहिलं तर नाव जगते, उन्हात राहिली की फळ्या आक्रसतात, फटी उघडतात. आणि इथे तर वैशाखातलं वऱ्हाडचं ऊन, आवारात एक झाड नाही. बुधाजी तालुक्याला जाऊन राहिले. कचेरीचा शिपाई सूर्यभान दयाळू होता. त्याने त्यांना आवारातल्या विहिरीचं पाणी ओढू दिलं. रोज सकाळी आणि उतरत्या उन्हात बुधाजी बादल्या भरभरून नावांवर ओतायचे. पोत्यांचं बारदान भिजवून पांघरायचे. कचेरीत कामाला आलेले लोक थांबून बघायचे. कोणी विचारायचं, "काय करून राह्यले बुवा?" बुधाजी सांगायचे, "नावेले पानी पाजून राह्यलो."

मे महिन्याच्या सुट्टीत अमरावतीला जाताना मी मुद्दाम वाकडी वाट करून तिथे उतरले. विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. कचेरीतल्या माणसांनाच प्यायला पुरेना, तेव्हा हेडक्लार्कने पाणी ओढायला बंदी केली होती. त्याचं तरी काय चुकलं? बुधाजी ‘बसरा’च्या सावलीत उकिडवे बसले होते.

"आवाज येते बाई," ते म्हणाले. "दुपारी ऊन तापलं का आतून ताड् करून आवाज येते. एकेक फळी फुटून राह्यली."

मी काही बोलणार तेवढ्यात खरोखरच तो आवाज आला. बुधाजींनी डोळे मिटून घेतले. मी तिथून निघाले आणि परतवाड्याच्या बसमध्ये बसले.

१९५७ चा पावसाळा वेळेवर आला. पुन्हा पाणी भरलं, पुन्हा गावं बेटं झाली, आणि या वेळी नाव नव्हती. नत्थुजींनी आपला जुना डोंगा डांबर लावून पाण्यात सोडला, तर तो पहिल्याच धारेत फुटला. लोकांनी बुधाजींना बोल लावला नाही. पण सवय मोडली होती. मीठ-रॉकेल भरून ठेवायचंही कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

श्रावणात एक दिवस खिरोडीचा एक पोहणारा गडी भोपळे छातीला बांधून भोनखेडला आला. धापा टाकतच त्याने सांगितलं, ललिताला ताप आहे. बरेच दिवस झाले, उतरत नाही, आता बडबडायला लागली आहे. खिरोडीत वैदू होता, त्याचं औषध चालू होतं. डॉक्टर अकोल्यात.

बुधाजी ऐकत असतानाच कामाला लागले. गावातले सुके भोपळे गोळा केले, बांबू आडवे बांधले आणि सांगड तयार केली. एका माणसाला निजवता येईल एवढी. भागीरथाबाई मदतीला सुंभ ओढत होती. "मी बी येतो," ती म्हणाली.

"तुले पोहता येत नाई."

"मले पोरीपाशी नेऊन सोडा. मंग काही होवो."

"ललीची माय, सांगडीवर एकच माणूस बसते. तुले नेलं तं तिले कशी आनू?" बुधाजी म्हणाले. "तिले घिऊनच येतो. इथून म्हैसघाट, तिथून गाडी. तू भाकरी बांधून ठेव."

ते पाण्यात उतरले. धार जोराची होती. सांगड ढकलत ते तिरपे तिरपे गेले, दिसेनासे झाले. भागीरथाबाई काठावर बसून राहिली. मी मुलांना सुट्टी दिली आणि तिच्याजवळ जाऊन बसले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. तिने खरोखरच भाकरी करून फडक्यात बांधून आणल्या होत्या.

तिकडे काय झालं ते बुधाजींनी मला पुढे थोडं थोडं सांगितलं. ते पोचले तेव्हा ललिता माणसं ओळखत होती. "बा, नाव आनली काय?" तिने विचारलं. बुधाजी म्हणाले, "आनली माय." तिला उचलून सांगडीपर्यंत नेलं, पण तेवढ्यात वरच्या अंगाला पाऊस कोसळला आणि नदी आणखी फुगली. लोकांनी हात धरून त्यांना मागे ओढलं. सांगडीवर बांधलेल्या आजारी पोरीला त्या धारेत घालणं म्हणजे तिला बुडवणं होतं, हे बुधाजींना इतर कोणाहीपेक्षा जास्त कळत होतं. तिला परत घरात आणून निजवलं. पाणी उतरायची वाट बघत ते तिच्या उशाशी बसले. समोर भोनखेडचे कडुनिंब दिसत होते. पाणी उतरलं नाही. ललिता गेली.

आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. भागीरथाबाई रोज काठावर यायची. शेवटी एका सकाळी धारेत सांगड दिसली. नत्थुजी ओरडले, "आले! आले!" गाव धावलं. सांगड जवळ आली. मागे बुधाजींचं डोकं दिसत होतं, आणि सांगड रिकामी होती.

भागीरथाबाई ओरडली नाही. ती पाण्यात कमरेपर्यंत गेली, सांगडीच्या बांबूवर तिने हात फिरवला आणि तशीच उभी राहिली. बुधाजी म्हणाले, "घरी चाल." ती म्हणाली, "मले तिचं तोंड बी नाई दिसलं." तेवढंच. त्यांना बाहेर काढायला नत्थुजींना पाण्यात जावं लागलं.

दिवाळीनंतर नावा सोडायचा हुकूम आला. कोणी पाठपुरावा केला म्हणून नव्हे, असाच आला. बुधाजी आणि नत्थुजी बैलगाड्या घेऊन गेले. ‘मैना’ आणि ‘चिमणी’च्या फळ्या हातात सुटून आल्या. ‘बसरा’चं बूड थोडं शाबूत होतं. बुधाजींनी ते सगळं अंगणात आणून टाकलं आणि महिनाभर त्याकडे पाहिलं नाही. गावातले लोक येऊन बसायचे. आता त्यांना नाव महाराची की भोयाची, असा प्रश्न पडत नव्हता. "बुधाजी, काहीतरी करा," म्हणायचे. शेवटी भागीरथाबाईच म्हणाली, "बनवा एखादी. दुसऱ्यायच्या पोरी बी नांदून राह्यल्या ना तिकडं."

तिन्हींमधल्या धड फळ्या निवडून एक नाव झाली. तिला नाव दिलं नाही, पाटीही पुन्हा रंगवली नाही. दोन पावसाळे ती चालली. बुधाजी वल्हं धरत, पण खिरोडीच्या काठाला उतरत नसत. माणसं उतरवून नाव लगेच मागे फिरवत.

१९५९ साली पुन्हा पूर आला आणि पुन्हा कचेरीची माणसं आली. या वेळी नवे साहेब, नवे शिपाई, आधीचं कोणाला काही ठाऊक नाही. नत्थुजींनी बुधाजींना बाजूला घेतलं. "दगड भरून डोहात सोडतो," ते हळूच म्हणाले. "सांगू, बुडली म्हनून. कोन पाहाले जाते?"

बुधाजींनी आलेल्या शिपायाला विचारलं, "तिकडं माणसं कुठं हायेत?"

"देवळाच्या कळसाला धरून बसली हायेत," तो म्हणाला. "लेकरं हायेत."

बुधाजींनी घराकडे पाहिलं. भागीरथाबाई दारात होती. तिने "द्या" म्हटलं नाही, "देऊ नका" म्हटलं नाही. आत गेली आणि दार ओढून घेतलं. बुधाजी नावेत बसले आणि गेले.

त्या खेपेला देवळावरची माणसं निघाली. शेवटच्या फेरीत वाहत आलेलं एक झाड नावेवर आदळलं. फळ्या आधीच थकलेल्या होत्या. बुधाजींना कोणीतरी दोर टाकून ओढलं, नाव तिथेच गेली. खांद्याचं हाड मोडलं ते नीट बसलं नाही. वल्हं मारणं संपलं.

पुढच्या वर्षी दोघं भोनखेड सोडून अकोल्याला आली. एका जिनिंग प्रेसच्या फाटकावर बुधाजींना राखणदाराचं काम मिळालं. माझी बदली अचलपूरला झाली, लग्न झालं. १९६४ साली कामानिमित्त अकोल्याला गेले तेव्हा पत्ता काढत त्यांच्या खोलीवर पोचले. भागीरथाबाईने मला ओळखलं आणि हात धरून आत नेलं. चहा टाकला. बुधाजी खाटेवर बसले होते. एक खांदा खाली पडलेला, मिशा पांढऱ्या.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. नत्थुजी वारले होते. खिरोडीच्या जावयाने दुसरं लग्न केलं होतं, आणि त्याला बुधाजींनीच आग्रह केला होता. मग मध्येच ते म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या. मले एक सांगा. पहिल्या खेपेले मी नाई म्हनलो असतो तं? नावा लपवल्या असत्या तं?"

भागीरथाबाई चुलीपाशी होती.

मी म्हटलं, "बुधाजी, छपरावरची ती बाळंतीण तुम्हीच काढली होती ना?"

"तेच तं," ते म्हणाले. "तिची पोरगी आता आठ वर्साची असंल. तिचं तोंड आठोते अन् मंग मले काहीच समजत नाई."

भागीरथाबाईने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. "दरसाली हेच इचारतेत," ती म्हणाली. "कोनी बी आलं का इचारतेत. तुमी घ्या चाय, थंडा होते."

प्रेसचा भोंगा वाजला. बुधाजी उठले, एका हाताने अंगात कोट चढवू लागले. दुसरा हात बाहीत जाईना, तेव्हा भागीरथाबाईने तो धरून आत घातला आणि बटणं लावून दिली. ते कामावर गेले. ती येऊन माझ्यासमोर बसली, आणि मी थंड झालेला चहा प्यायले.